एदुविनाच्या भिंतीतली लोकर

लाकडं वाचवायला एदुविनाने आईला गारठवून मारलं, असं म्हणणारी माणसं अजून या बेटावर जिवंत आहेत. माझ्या दुकानात मीठ आणि मेणबत्त्या घ्यायला येतात. मी माल देते, पण हसून देत नाही. ज्यांच्या जिभेला कधी हाड नव्हतं, त्यांच्याशी गोड बोलायला मी काही चर्चमधली मूर्ती नाही.

एदुविना बार्रिया माझी शेजारीण. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला महाकंजूष. हो, कंजूष होती ती, पण फक्त शब्दांच्या बाबतीत. बटाटे खणायची, ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन समुद्री शेवाळ गोळा करायची, मेंढ्या राखायची आणि उरल्या वेळात लोकरीचे मोजे विणायची. बोटीने कास्त्रो शहराच्या बाजारात गेली की गिऱ्हाईकाशी घासाघीस म्हणून करायची नाही. मोजा हातात धरून नुसती बघत बसायची. शेवटी गिऱ्हाईकच लाजून मागितलेली किंमत देऊन जायचं.

तिची आई दोमितिला मात्र अगदी उलटी. तोंडाचा पट्टा सतत चालू. साऱ्या बेटाला ती ठाऊक होती ती तिच्या पिवळ्या दोऱ्यांमुळे. काळ्या-तपकिरी मेंढीच्या लोकरीवर पिवळा रंग चढत नाही, म्हणून एक पांढरी मेंढी तिने फक्त दोऱ्यांसाठी पाळली होती. काटेरी झुडपाची मुळं उकळून दोरा पिवळाजर्द रंगवायची, त्याला तीन गाठी मारायची आणि गावात मूल जन्मलं की त्याच्या मनगटाला बांधायची. चेटूक करणाऱ्याची नजर लागू नये म्हणून. तो दोरा कापायचा नाही, जाळायचा नाही, फेकायचा नाही. आपोआप गळून पडला तर जपून ठेवायचा. जो कापेल त्याच्या घरात चेटूक शिरतं. माझ्या मनगटालाही होता. तुम्ही हसाल, पण आमच्याकडे शिकलेली माणसंसुद्धा या बाबतीत हसत नाहीत.

मुलांना बांधायची तसाच दोरा ती लोकरीलाही बांधायची. मेंढी कातरली की अख्खी लोकर गुंडाळायची आणि वर पिवळा दोरा. अशा गुंडाळ्या तिने कित्येक हंगाम माळ्यावर साठवल्या. विकल्या नाहीत. जुनं घर फार गळकं होतं, वारा एका भिंतीतून यायचा आणि दुसरीतून जायचा. नवीन घर बांधायचं आणि त्याच्या दुहेरी फळ्यांच्या मध्ये ही सगळी लोकर भरायची, असं तिच्या डोक्यात होतं. म्हातारपणी पाठ भिंतीला टेकली तर भिंत गरम लागली पाहिजे, बाकी मला काही नको, असं ती मला म्हणाली होती.

घर बांधलं बेलार्मिनोने. बेटावर मिस्त्री म्हटलं की तोच. चर्चच्या छपराची लाकडी कौलं त्यानेच बसवलेली, त्यामुळे त्याच्या शब्दाला पाद्रीच्या शब्दाएवढं वजन. भिंती भरायची वेळ आली तेव्हा तो मायलेकींना म्हणाला, लोकरीची धूळ उडेल, म्हातारीच्या छातीला बरी नाही, तुम्ही आठवडाभर तिच्या बहिणीकडे जा. त्या गेल्या. परत आल्या तेव्हा माळा रिकामा होता, भिंती बंद होत्या, आणि फळ्या अशा घट्ट बसवलेल्या की नखही आत जाऊ नये. दोमितिलाने त्याला सफरचंदाची दारू पाजली आणि निघताना एक अख्खं कोकरू दिलं.

पहिल्या हिवाळ्यात भिंत थंड लागली. बेलार्मिनो म्हणाला, नवीन लाकूड आहे, सुकू द्या. दुसऱ्या हिवाळ्यातही थंडच. एदुविना बिचारी चूल लाल होईपर्यंत लाकडं घालायची. तिच्या घरामागची लाकडाची रास आमच्या ऐन हिवाळ्यातला जुलै उजाडायच्या आत संपायची आणि मग ती भर पावसात रानात जाऊन ओली लाकडं ओढून आणायची. मी डोळ्यांनी पाहिलंय. दोमितिला तीन शाली पांघरून चुलीला चिकटून बसायची आणि एवढी बडबडी बाई हळूहळू गप्प होत गेली. आमचा ऑगस्ट म्हणजे हाडं गोठवणारा महिना. तशाच एका ऑगस्टमध्ये तिच्या छातीत कफ भरला आणि ती गेली.

अंत्यविधीच्या प्रार्थनेला बेलार्मिनोची बायको ओर्फेलिना आली. प्रेताजवळ गेली, दोमितिलाचे हात हातात घेतले आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाई गं, बर्फ आहेत नुसते. जिवंतपणीही असेच होते. पोरीने लाकडं राखून ठेवली, दुसरं काय." मेलेल्या माणसाचे हात थंडच असतात, हे त्या बाईला कुणी सांगायचं? पण बोलणं पसरलं. एदुविना दुकानात आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, हिला काटक्याच पुरतात. तिच्या घराला पोरं गोठलेलं घर म्हणायला लागली. तिच्या दारावर मागणी घालायला येणारा एक चांगला माणूस होता, तोही यायचा बंद झाला. आईला गारठवणारी बायको नको, असं म्हणे त्याच्या घरच्यांचं मत. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. एदुविना मात्र एक शब्द बोलली नाही.

महिन्याची प्रार्थना झाली तसं तिने स्वतः आईच्या पलंगामागची एक फळी उचकटली. आत काय? हवा. वाळलेला एक उंदीर आणि हवा. तशीच हातात फळी घेऊन ती बेलार्मिनोच्या दारात गेली. तो शांतपणे म्हणाला, "लोकर खाली बसते, एदुविना. उंदीर घरटी करायला ओढून नेतात. उरलेली कसर खाते. आणि कसर का लागते? घर दमट असलं की. आणि घर दमट का असतं? चूल पेटवत नाहीत म्हणून." म्हणजे बघा, चोरी त्याने केली आणि शिव्या परत हिलाच. साक्षीदार कुणी नव्हता. गावाने मिस्त्रीचं खरं मानलं.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून परत येताना एदुविना त्याच्या घरासमोर थांबायची. एवढंसं थांबायची आणि धुराड्याकडे बघायची. एकदा भर थंडीत मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "धूर बारीक आहे, नोल्फा. आणि खिडकीत ओर्फेलिना बिनबाह्यांच्या कपड्यात बसलीय." तेवढंच. मला तेव्हा उलगडलं नाही. तिने ते पोटात ठेवलं, आणि मला वाटतं रोज उठून बघत असावी की अजून जागेवर आहे ना.

असं वर्षांवर वर्षं गेली. मग ते ऊब शोधायचं काम निघालं. लाकूड महाग झालं होतं, जवळची रानं बोडकी झाली होती, आणि हिवाळ्यात धुराने गावाचा श्वास कोंडायचा. आमच्या शेजारसमितीचा प्रमुख एरिबेर्तो नाहुएलकीन, बोटीवरचा माणूस, डोक्याने थंड. तो म्हणाला, आपण घरं तापवत नाही, आभाळ तापवतो. शहरातून त्याने एक कॅमेरा उसना आणला. घराबाहेर उभं राहून बघायचं. जिथून ऊब बाहेर पळते तिथे भिंत पिवळी, नारिंगी दिसते. जिथे ऊब आत टिकते तिथे निळी. आधी सगळी घरं बघायची, मग एकेका घराच्या फटी मिंगा करून बुजवायच्या.

मिंगा म्हणजे सगळ्या गावाने एकाच्या घरी घाम गाळायचा. ज्याचं घर त्याने सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं, आणि ज्याने ज्याने हात लावला त्याला एक दिवस परत द्यायचा. बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही. भांडण असलं तरी नाही. आमच्याकडे माणूस चोर असला तर चालतं, पण मिंगाचा दिवस बुडवणारा चालत नाही.

सभेला कधी न येणारी एदुविना त्या दिवशी पहिल्या बाकावर बसली होती. पहिलं घर कुणाचं बघायचं असं विचारल्यावर म्हणाली, माझं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. ओर्फेलिना तर फिसकन हसली.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत, जमिनीवर पांढरं हिमदव असताना आम्ही तिच्या घरासमोर जमलो. चूल आत धडधडत होती. एरिबेर्तोने कॅमेरा धरला, बघितलं. नुसता आमच्याकडे वळवला. अख्खं घर पेटल्यासारखं दिसत होतं. खालपासून वरपर्यंत नारिंगी. तो म्हणाला, ही बाई आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त लाकूड जाळते, आणि सगळं बाहेर जातं. भिंतीत काहीच नाही. मी ओर्फेलिनाकडे बघितलं. तिने शाल सारखी केली. पण बेलार्मिनो तयारच होता. उंदीर, तो म्हणाला. मी तेव्हाच सांगितलं होतं. आणि माना डोलावल्या गेल्या, काय सांगू तुम्हाला, त्या मुंड्या मुरगाळाव्यात असं वाटलं.

मग इतरांची घरं झाली. माझ्या खिडक्या गळत होत्या, एरिबेर्तोचं छप्पर. शेवटी बेलार्मिनोचं घर. कॅमेऱ्यात ते इतकं निळं होतं की मागच्या आभाळातून वेगळं ओळखू येईना. एरिबेर्तो म्हणाला, मिस्त्री, असं घर मी शहरातही पाहिलं नाही, केलंत तरी काय? आणि तिथे तो माणूस फुगला. माझी दुहेरी फळी, माझा सांधा, माझ्या हाताची कला, असं सांगत सुटला. लोकरीचं नाव नाही. भुसा भरलाय म्हणाला, साधा करवतीचा भुसा.

तेव्हा एदुविना पुढे आली. इतक्या वर्षांत तिला इतकं गोड बोलताना मी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "मिस्त्री, तुमच्यासारखं काम आम्हाला येत नाही. एक फळी काढून दाखवा ना. बघून आम्ही सगळे तसंच करू."

बारीक धूर, बिनबाह्यांचे कपडे, सगळं एकदम माझ्या डोक्यात जुळलं. बेलार्मिनो म्हणाला, फळी चिरेल. एदुविना म्हणाली, तुमच्या हातून कशी चिरेल? लोक म्हणाले, दाखवा, दाखवा. तरी तो जागचा हलेना. आणि मग देवाने ओर्फेलिनाला तिची नेहमीची अक्कल दिली. घरात चार माणसं आली की मिरवायची हौस मोठी. तिने स्वतः आत जाऊन हातोडा आणला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "दाखव की. लपवायला काय आहे आपल्याकडे?"

त्या बाईला खरंच माहीत नव्हतं. हेच मला जास्त गोड लागतं.

त्याने हातोडा तसाच धरून ठेवला. शेवटी एरिबेर्तोने तो घेतला, आम्ही सगळे आत शिरलो आणि त्याने झोपायच्या खोलीतली एक फळी काढली. आतून लोकर फुगून बाहेर आली. काळी-तपकिरी, जाड, स्वच्छ धुतलेली. दोमितिलाच्या मेंढ्यांची. आणि लोकरीबरोबर एक पिवळा दोरा घरंगळत खाली आला, मग दुसरा, मग तिसरा. गुंडाळ्या सोडताना बेलार्मिनोने दोरे ना कापले ना जाळले. तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. दुसऱ्याची ऊब चोरताना भ्याला नाही, पण तिच्या दोऱ्याला भ्याला. सगळे दोरे लोकरीतच जपून ठेवले होते. खोलीत असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मनगटाला कधी ना कधी तो दोरा होता. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

एदुविनाने वाकून दोरा उचलला, बोटाने गाठी चाचपल्या. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "फार हुशार उंदीर होते, मिस्त्री. लोकर माझ्या घरातून तुमच्या घरी आणली, वर फळ्या ठोकल्या आणि आईचे दोरेसुद्धा सांभाळले."

ओर्फेलिना भिंतीला धरून खाली बसली. मला तिची दया आली असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही.

गावातले दोघे-तिघे बाप्ये त्याला धरून हाणायलाच निघाले होते. एदुविनाने हात केला. पोलीस नको, मार नको. मिंगा बोलावते, ती म्हणाली. माझ्या घराची. आणि लोकर हा वाहून आणेल. एकटा, हातांनी, भर दुपारी, चर्चसमोरून.

त्याने वाहिली. नाही म्हणायची सोय होती का? कवेत लोकर घेऊन तो किती खेपा घालत होता, मोजल्या नाहीत, पण माझं दुकान रस्त्यावरच आहे आणि मी त्या दिवशी गिऱ्हाईकं परत पाठवून दारात खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक खेपेला मी त्याला मोठ्याने विचारत होते, "काय मिस्त्री, जड आहे का?" तो मान वर करत नव्हता. त्याच्या स्वेटरला, भुवयांना, मिशांना दोमितिलाची लोकर चिकटली होती. लहान पोरं मागे मागे येत होती. ज्यांनी गोठलेलं घर म्हणून बोट दाखवलं होतं त्यांचीच ही पोरं, आणि आता बोट दुसरीकडे होतं.

संध्याकाळी जेवण. एदुविनाने कोकरू कापलं होतं, बटाट्याच्या वड्या तळल्या होत्या. मिंगाचं जेवण नाकारता येत नाही. तिने बेलार्मिनोला पहिलं वाढलं आणि आईच्या खुर्चीत बसवलं, दोमितिलाच्या फोटोखाली. प्रत्येक घास तो ढकलत होता. संपला की ती परत वाढायची. ओर्फेलिना कोपऱ्यात उभी होती, तिच्याजवळ जाऊन एदुविना म्हणाली, "तू आईचे हात धरले होतेस ना? आता भिंतीला हात लाव. कशी आहे सांग सगळ्यांना."

ओर्फेलिनाने हात लावला. "गरम," ती पुटपुटली.

"मोठ्याने."

"गरम आहे."

लोक गेल्यावर मी भांडी धुवायला थांबले. एदुविना आईच्या जागी बसली, पाठ भिंतीला टेकली. आणि मग जे रडायला लागली ते मला थांबवता येईना. एवढंच मागितलं होतं गं तिने, म्हणत होती. एवढंच. सूड घेऊनही आई काही परत येऊन तिथे पाठ टेकणार नव्हती. मीही भांड्यात हात तसेच ठेवून रडले.

त्या हिवाळ्यात बेलार्मिनोच्या भिंती रिकाम्याच राहिल्या. समितीच्या यादीत त्याचं घर दर वेळी मागे जायचं. त्याच्या धुराड्यातून आता काळा जाड धूर निघायचा, आणि ओर्फेलिना माझ्याकडे खोकत खोकत यायची. मी तिला खोकल्यावर काही औषध सांगितलं नाही.

आणि मग ऑगस्टमध्ये, पाऊस आडवा येत असताना, तो एदुविनाच्या दारात उभा राहिला. टोपी हातात. मी आत माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसले होते. त्याचा निर्लज्जपणा ऐका. म्हणाला, "एदुविना, तुझ्या घरी मी एक दिवस काम केलं. मिंगाचा माझा दिवस तुझ्याकडे आहे."

माझ्या हातात उकळत्या पाण्याची किटली होती. देवाशपथ, ती त्याच्यावर ओतली असती. एदुविनाने माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाली, "आहे. शनिवारी येते."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण शनिवारी ती निघाली तसा सगळा गाव निघाला, मग मी काय घरी बसणार? पाठीवर तिने यंदाच्या कातरणीची दोन पोती घेतली होती, स्वतःच्या मेंढ्यांची. बाकीच्यांनीही घरटी थोडी थोडी लोकर आणली. दिवसभर तिने त्याच्या भिंतीत लोकर भरली, अशी दाबून, कोपरे न कोपरे, की तिच्या स्वतःच्या घरातही एवढी नीट भरली नसेल. फळ्या ठोकून झाल्या. ओर्फेलिनाने आमच्यासमोर रस्सा ठेवला.

जेवण झाल्यावर एदुविनाने खिशातून एक पुडकं काढलं. दोमितिलाचे सगळे पिवळे दोरे, धुऊन, ऊन दाखवून आणलेले. झोपायच्या खोलीत गेली. पलंगाच्या डोक्याशी, जिथे नवरा-बायकोची मान वळली की दिसणारच, तिथे तिने ओळीने बारीक खिळे ठोकले आणि एकेक दोरा टांगला. बेलार्मिनो दारात आला.

"हे कशाला?" तो म्हणाला.

"आईचे आहेत. नको असतील तर काढून फेक," एदुविना म्हणाली. "तुझ्या हाताने."

तो हलला नाही. ओर्फेलिनाही नाही.

"ऊब दिली मी तुला, मिस्त्री. दिवस फिटला. आता झोप लागते का ते तुझं तू बघ."

आता ते दोरे तिथेच आहेत. कुणीही पाहुणा आला की विचारतो, हे कुणाचे? आणि ओर्फेलिनाला दोमितिलाचं नाव घ्यावं लागतं, आणि मग सगळं सांगावं लागतं, कारण तिने नाही सांगितलं तर पाहुणा माझ्या दुकानात येतो. परवा आली होती. मी विचारलं, घर गरम झालं का? झालं म्हणाली. मिस्त्री कसे आहेत? त्यावर म्हणाली, मेणबत्त्या दे, पुष्कळ दे, हल्ली ते खोलीत अंधार होऊ देत नाहीत.

मी दिल्या. आणि या वेळी हसून दिल्या.